मार्गे स्वारगेट

कुदळे मॅडमचा वर्ग धनकवडीत, पिठाच्या गिरणीवर.
सात वाजता खालचा पट्टा थांबतो
आणि मॅडमचा आवाज एकदम फार मोठा वाटतो:
"आधी क्रियापद शोधा. सापडलं तर क्लॉज,
नाही तर फ्रेज."

मी ड्यूटीवरून थेट येते.
सतरा नंबरचा फॉर्म भरलाय बारावीचा,
वय एकोणचाळीस, बोटांना चिल्लरीचा वास.
शोधाशोध मला नवी नाही.
भरल्या गाडीत बिनतिकिटाचा माणूस
खिडकीबाहेर जरा जास्तच बघतो.

"इन द मॉर्निंग." फ्रेज.
"अंडर द ब्रिज." फ्रेज.
"मार्गे स्वारगेट?" हे मी मनातच विचारलं.
कर्ता नाही, क्रियापद नाही,
पाटीवर नुसतं बसलंय इतकी वर्षं,
तरी कात्रजहून रोज निघतं
आणि पोचतंसुद्धा.

क्लॉजचं अवघड. त्यात दोन जाती.
एक आपल्या पायावर उभा,
दुसरा दांडीला धरून.
"व्हेन द बस स्टॉप्स," मॅडम म्हणतात,
आणि गप्प.
आम्ही अकराजण त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो.
"बघा, क्रियापद आहे, तरी वाट बघताय ना?
हाच तो गौण."

मराठीत बरं होतं. ज आला की त येतोच,
जेव्हामागे तेव्हा, जिथेमागे तिथे,
सुटलेल्या गाडीमागे दप्तर सावरत पोर धावतं तसा.
इंग्रजीत हू येतो, नावाला चिकटतो.
त्याच्यामागे कुणी धावत नाही.

मग म्हणाल्या, स्वतःचं एक वाक्य लिहा, हू घालून.
शेजारच्या सुमेधने धोनीवर लिहिलं, तिघांनी आईवर.
मी लिहिलं:
माय हजबंड, हू वर्क्स इन सुरत, कॉल्स एव्हरी संडे.

मॅडम वाकल्या. खडूचं बोट वहीवर टेकलं.
"दोन स्वल्पविरामांमधलं झाका बरं.
राहतं का उरलेलं उभं?"
मी अंगठ्याखाली सुरत झाकलं.
राहिलं.
नवरा होता, फोन होता, रविवार होता.

"छान," म्हणाल्या, आणि लाल टिक केली.
वाक्य बरोबरच होतं.
रविवारचं खोटं होतं,
पण ते या धड्यात येत नाही.