गावकार आणि भायलो

पहिली घोरपड कालव्याच्या पाइपात अडकलेली मिळाली,
शेपटीची शेवटची वीत नव्हती.
दुसरी वाळपईच्या स्टँडवर, खताच्या गोणीत,
पाय पाठीवर बांधलेले, तिच्याच बोटांतून ओढलेल्या शिरांनी.

नावं ठेवायचं काम सगूणचं, तो रोजंदारीवर आहे.
आधी आला तो गावकार.
मागून आला तो भायलो.
मी म्हटलं, खात्याच्या रजिस्टरात दोघेही 'नग एक' आहेत.
तो म्हणाला, रजिस्टरात मी तेवढाही नाही.

(घोरपड मराठीत बाई.
हे दोघे नर, हे आम्हाला फार उशिरा कळलं.)

डॉक्टर कुलासो म्हणाल्या, तोंडं दाखवायची घाई नको. आधी वास.
म्हणून गावकाराच्या खोलीतला पालापाचोळा भायल्याकडे,
भायल्याचं गोणपाट गावकाराकडे.
तीन दिवस जीभ आत-बाहेर, आत-बाहेर,
लिफाफा न फोडता
आतलं पत्र वाचावं तशी.

चौथ्या दिवशी मध्ये जाळी.
गावकाराने गळा फुगवला,
कुकर शिट्टीआधी करतो तसा आवाज केला.
भायलो जमिनीला चिकटून भाकरीएवढा चपटा.
मी वहीत लिहिलं : राग. भीती.
डॉक्टरांनी दोन्ही शब्द खोडले.
'गळा फुगवला. चपटा झाला. एवढंच लिही.
राग तुझा आहे.'

माझा बाप घुमटं मढवायचा.
मडकं कुंभाराचं, कातडं मी आणून द्यायचो.
बिळाच्या तोंडाशी उपडं पडून राहायचं,
वय नऊ, दहा, अकरा.
एकदा झऱ्याच्या वरच्या अंगाला दोन दिसल्या
मागच्या पायांवर उभ्या, छातीला छाती,
एकमेकींना कवटाळून.
मी धावत घरी : बाबा, लग्न लागतंय!
बाप आला. त्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या
की एका दांडक्यात दोन्ही.
त्या चवथीला आमच्या घरी दोन नवी घुमटं होती.

बाराव्या दिवशी जाळी काढली.
भायलो पुढे आला नाही. गावकारही नाही.
सगूणने विडी पेटवली, विझवली.
मग कुणी आधी उठलं कळलं नाही,
पण उठले, मागच्या पायांवर,
छातीला छाती,
पुढचे पाय एकमेकांच्या पाठीवर.
सगूणने काठी उचलली.
मी काठी धरली,
माझ्या हाताला कंप होता, त्याला वाटलं मी घाबरलो.

कुस्ती होती ती. चार मिनिटं,
मध्ये दोनदा थांबून श्वास.
भायलो आडवा झाला.
गावकाराने त्याच्या मानेवर हनुवटी टेकवली, थोडा वेळ,
आणि पाणी प्यायला गेला.
रक्त कुठेच नाही.
मी सगळीकडे शोधलं.

आता सकाळी दहाला एकाच खडकावर असतात,
मध्ये हातभर जागा.
पाहुणी पोरं विचारतात, दोस्ती झाली?
डॉक्टर म्हणतात, ऊन एवढ्याच खडकावर येतं.
अंडी अजून वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवावी लागतात,
गेल्या महिन्यात एकाच ताटलीत ठेवली
तर सगूणच्याच अंगठ्याला सहा टाके.
आणि कधीकधी खडकावर पूर्ण ऊन असतानाही
दोघे एका टोकाला.
हे मी वहीत लिहितो. कारण लिहीत नाही.

चवथ जवळ आली. बाजारात बकऱ्याच्या कातड्याचं घुमट आणलं,
ते ठीक वाजतं.
माळ्यावर बापाचं एक आहे अजून,
त्याला हात लावत नाही कुणी,
काल फक्त धूळ पुसली.

आज पाणी बदलायला आत गेलो
तर भायलो उठून आला,
माझ्या तळहातावरून जीभ फिरवली,
पुन्हा फिरवली,
आणि बराच वेळ तिथेच थांबला.