वीस मीटर

तपकिरी लिफाफा दारातून आत पडला
तेव्हा मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते.
खाली यायला मला किती वेळ लागला
हे त्या लिफाफ्यात कुठंच नव्हतं.

होतं ते इतकंच:
प्रिय मिसेस पार्फिट, गुण शून्य.
आपण दोनशे मीटर चालू शकता.
आपण हसतमुख होता.
आपण चहा स्वतः केला.

केला ना.
दारी आलेल्या बाईला चहा विचारायचा नाही,
असं ॲबरडेअरमध्ये कुणाच्या आईनं शिकवलंय?
लिपस्टिकही लावली होती त्या सकाळी,
आणि 'कशा आहात?' या प्रश्नाला
चाळीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले, 'बरी आहे.'
दोन शब्द. त्यांची किंमत नंतर कळली,
दर आठवड्याची, पौंडांत.

पुढचे दोन दिवस मी पलंगावर काढले.
तोवर तपासनीस बाई न्यूपोर्टला पोचून
आणखी कुणाचा तरी चहा प्याली असेल.

मेलेरी मंगळवारी लायब्ररीत बसते,
बालपुस्तकांच्या कपाटाशेजारी, आपल्या स्कूटरवरच.
तिनं पत्र वाचलं, चष्मा काढला,
आणि चॅपलमध्ये चालणार नाही
अशी एक वेल्श शिवी हासडली.
मग पर्समधून शिवणकामाची टेप काढली.
'चल, मोजू.'

टेप दीड मीटरची. आमची गल्ली उताराची.
ती स्कूटरवर, मी काठीवर,
आणि खडूनं खुणा करायला
शाळेतून परतणारा शेजारचा गेथिन.
तेरा वेळा टेप अंथरली, वर थोडी.
वीस मीटर म्हणजे माझ्या दारापासून
लाल टपालपेटीच्या जरा अलीकडे,
डेव्हिसांची फुटकी कुंडी आहे तिथवर.
उतरताना पोचले.
'आता परत,' मेलेरी म्हणाली.

फॉर्मला चढ माहीत नाही.
मी भिंतीला धरून उभी राहिले
आणि गेथिननं दुसरीकडे पाहिलं.
पोरगा शहाणा आहे.

'लिहून घे. कायद्यातच आहे:
सुरक्षित. नीट. पुन्हा पुन्हा. वाजवी वेळात.
यातलं एक जरी होत नसेल,
तर तुला ते जमतं
असं त्यांना म्हणता येत नाही.'
घरी येईपर्यंत मी ते शब्द
लिमलेटच्या गोळीसारखे तोंडात फिरवले.
इतकी वर्षं मला वाटायचं
आपण मागतोय.

आधी फेरविचार. ते नाहीच म्हणतील, मेलेरी म्हणाली.
म्हणाले.
मग अपील. तारीख फ्रीजवर चिकटवली.
मग वही.
वहीत खरं लिहायचं, हे मात्र जड गेलं.
गुरुवार: बटाट्याचं पातेलं हातातून सुटलं.
शनिवार: अंघोळ नाही.
रविवार: अंघोळ नाही. बहिणीला फोनवर सांगितलं, झाली.
स्वतःचीच चुगली करतेय असं वाटायचं,
तीही सुवाच्य अक्षरात.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
मला पायरी चढताच येत नाही,
त्यामुळे मी शहाणी की खुळी
हा प्रश्न बाहेरच मिटला.
इमारतीच्या बाजूला रॅम्प होता, कठडा होता.
मेलेरीनं आधीच फोन करून विचारलं होतं;
विचारायचं असतं, हेही मला नवीन.
मी त्यावरून गेले, तीनदा थांबून,
आणि तिन्ही वेळा वेळ लिहून ठेवली.

आत तीन माणसं, पाण्याचा जग, हीटरची घरघर.
मधल्या बाईंनी मान वर केली.
'कशा आहात, मिसेस पार्फिट?'

आले होते ते दोन शब्द, अगदी ओठांपर्यंत.
गिळले.
'आधी बसते,' मी म्हणाले,
'मग सांगते. वेळ लागेल.'