कुठेतरी

रविवारी साडेदहाला ग्रामसभा. मी सचिव,
म्हणजे बोलायचं नाही, लिहायचं.
पंखा एकच, तोही कायतानच्या डोक्यावर;
पहाटे मानशीच्या फळ्या बसवून तो थेट आलेला,
ढोपरांवरचा चिखल अजून ओला.

विषय क्रमांक चार:
खाजनालगतची वसाहत, एकशे दहा घरं.

कंपनीचा माणूस सभ्य. नकाशा उलगडला,
चार कोपऱ्यांवर आमचेच पेले ठेवले.
"वरचा नियम आम्ही पूर्ण पाळतो," म्हणाला,
"जेवढं जाईल तेवढं परत लावू.
कुठेतरी."

भागेलीने हात वर केला.
ती सभेत बोलत नाही कधी, बाजारात बोलते,
खुब्यांचे वाटे मांडून.
"कुठेतरी म्हणजे खंय रे बाबा?
माझे खुबे काय बसने जाणार?"

हसले सगळे. कंपनीचा माणूसही.
मग बराच वेळ कुणी हसलं नाही.

मसुदा फोंडू मास्तरांचा:
नियम सांगतो त्याच्या दुप्पट, आणि इथेच,
याच मानशीच्या आत. तीस वर्षं निगराणी.
खारफुटी मेली तर पुन्हा.

विरोधही लिहिलाय मी, शब्दशः.
इनासियुचा रेगन:
"देशाला चालतो तो नियम गावाला का नाही?
आपण कडक झालो की ते नदीपलीकडे जातील,
बांधतील तेच, तेवढंच,
फक्त कामाला पलीकडची पोरं.
मी काय परत जहाजावर जाऊ?"

मास्तरांनी चष्मा पुसला.
कायतान म्हणाला, "पलीकडेही मानस आहे.
तिथंही कुणीतरी फळ्या बसवतो."
हे उत्तर झालं का, मला कळलं नाही. लिहून घेतलं.
"नियम कोरड्यात बसून लिहिलाय," तो पुढे म्हणाला,
"चूक नाही त्यांची.
पण माझं शेत भरतीच्या खाली आहे, अडीच हात.
बांध देशात केवढा चालतो ते पाणी विचारत नाही."

इतिवृत्तात नाही ते एवढंच:
मी राहते त्या इमारतीखाली
पाणमांजरं पिल्लं घालायची.
त्यांच्या बदल्यात तीनशे रोपं लागली;
कागद मीच फाईल केला होता.
एकदा सुट्टीला स्कूटर घेऊन शोधत गेले.
फलक होता. त्याला पाठ घासत
एक गाय उभी होती.

बाजूने एकसष्ट, विरोधात चव्वेचाळीस.
रेगन सही न करता गेला.

चतुर्थीनंतर वरून पत्र आलं:
गावाला नियमापेक्षा जास्त मागता येतं का,
यावर अभिप्राय मागवला आहे.
कुणाकडून, ते दिलेलं नाही.

पत्र फाईलला लावताना ठराव पुन्हा वाचला.
एक चूक सापडली, माझीच.
घाईत "इथेच" दोनदा पडलंय,
इथेच इथेच.
शिक्का बसला होता. खोडलं नाही.