दोन पुढं, दोन मागं

उद्यमनगरात, दस्तगीर शिकलगारच्या दुकानात
शेजारच्या लेथचा लोखंडी कीस उडून येतो
आणि नव्या रबराच्या वासात बसतो.
त्यानं दोन टायर भिंतीला टेकवले,
एकावर खडूनं फुली, एकावर गोळा.
म्हणाला, फुलीवाला तेल कमी पितोय,
गोळावाला रस्ता सोडत न्हाई.
दोन्ही एकातच पाहिजे असंल
तर तसला टायर अजून कुणी शिजवला न्हाई.

मी म्हटलं, चार-चार दे.
चैत्रात फुली, वैशाखात गोळा. मग बोलू.
त्यानं वहीचं पान दुमडून ठेवलं.

सोमवारी आणि गुरुवारी
राशिवड्याच्या हौसाक्काला डायलिसिसला आणायचं,
चार तास निंबाच्या सावलीला गाडी सरकवत राहायचं,
परत सोडायचं.
जाऊन येऊन बावन्न किलोमीटर, ठरलेले अकराशे.
हिशोब मी डॅशबोर्डवरच्या चिकटपट्टीवर लिहितो,
कारण वही बायकोला सापडते.

फुलीवाल्यानं लिटरला एकोणीस दिले.
सरळ रस्त्याला भुंग्यासारखा गुणगुणायचा,
पायाखाली गाडी हलकी, उताराला तर आपोआप.
गोळावाला सव्वासतराच्या वर गेला नाही.
दुपारी दोनला डांबर पाघळलं
की चिकटायचा, सुटायचा, चिकटायचा,
कुणीतरी मागून ओली चप्पल ओढत येतंय असा आवाज.

पकड बघायला पुईखडीच्या उतारावर थांबलो.
तिथून भरून निघालेले टँकर गळत जातात,
भर उन्हाळ्यात तेवढीच रेघ ओली.
गाडी रिकामी, मागंपुढं कुणी नाही,
चाळीसवर आणली आणि खांबापाशी पाय दाबला.
उतरून पावलं मोजली.
फुली एकतीस. गोळा सव्वीस.
मधली पाच पावलं म्हणजे किती ते सांगतो:
रस्त्यात लांबीला उभी असलेली एक म्हैस,
आणि तिच्या मागं रेडकू.

दस्तगीर खूश झाला. विषय मिटला म्हणाला.
मी म्हटलं, थांब.

हळदीच्या आसपास तीन गतिरोधक आहेत,
पट्टे पुसलेले, पाठ असलेलेच ओलांडतात.
फुलीवाल्यावर तिन्ही वेळा हौसाक्कानं
सुईचा हात दुसऱ्या हातानं छातीशी धरला,
जसं कुणी दुधाचं भांडं धरतं.
काही बोलली नाही. ती बोलत नाही.
गोळावाल्यावर पहिल्याला धरला,
दुसऱ्याला अर्धा उचलून खाली ठेवला,
तिसऱ्याला आरशात बघितलं तर
तोंड उघडं, डोकं काचेला, झोपलेली.
दारात उतरताना म्हणाली,
आज उसाच्या पाल्यावर निजल्यागत आलो बघ.

रात्री चिकटपट्टीवर वजाबाकी केली.
फेरीमागं अठ्ठावीस रुपयांचा फरक.
अठ्ठावीस म्हणजे सीपीआरच्या दारातला
एक वडा आणि एक चहा, आणि तोही अर्धा.
महिन्याला आठ फेऱ्या. बाकीची भाडी वेगळी.
बाकीच्या भाड्यांत कोण झोपत नाही,
लग्नाची माणसं, गोव्याची पोरं,
त्यांना गतिरोधक आला तरी हसू येतं.

सकाळी शिकलगारला सांगितलं,
फुलीचे दोन पुढं घाल,
गोळ्याचे दोन मागं.
तो पान्हा हातात धरून बघत राहिला.
असं कागदात बसत न्हाई, म्हणाला.
मग जरा वेळानं स्वतःशीच,
मागं पकड जास्त असली तर बरंच की,
वळणाला शेपूट फिरत न्हाई.
म्हटलं, तुझं कारण तू ठेव.

बिलावर त्यानं दोन ओळी लिहिल्या, दोन दर,
आणि खाली एकच बेरीज.
आता गुरुवार आहे, तिसरा गतिरोधक यायचाय.
मी आरसा थोडा खाली केलाय.