तीनशे एक्केचाळीस दिवस

धनगरांचं तट्टू होतं ते.
पाठीवर भांडी, घोंगडी, दोन कोकरं, एक कोंबडी.
डफळापूरच्या ओढ्याशी आलं, थबकलं,
आणि सगळ्या संसारासकट पलीकडे उडी.
एक पातेलं तेवढं पडलं.
मी आठ वर्षांची. पातेलं द्यायला धावले
ती अजून घरी परतलेच नाही म्हणा.

सातवीच्या वहीत मागून वंशावळी काढायचे,
आपल्या घराण्याची नाही, घोड्यांची.
या घोडीची हाडं, त्या घोड्याचा दम,
रेघ खाली आणायची
आणि खाली एक रिकामी चौकट.
गुरुजी म्हणाले, हे काय?
म्हटलं, गणित.
खोटं नव्हतं.

नोकरी लागली ती गायीम्हशींची.
एकतीस वर्षं लुनाला नायट्रोजनचा डबा बांधून
उमदी, संख, माडग्याळ.
खांद्यापर्यंत हातमोजा.
बाईमाणूस आलंय म्हणत पुरुष गोठ्याबाहेर जायचे,
आणि गाय गाभण राहिली की पेढे घेऊन यायचे.
चार हजारांवर वासरं झाली माझ्या हातानं.
उडी मारणारं एकही नाही.

फंड मिळाला तेव्हा भावानं मिरजेत फ्लॅट दाखवला,
तिसरा मजला, लिफ्ट होणार आहे म्हणे.
मी घोडी आणली.
पुण्याच्या रायडिंग स्कूलनं काढून टाकलेली,
चौदा वर्षांची, तांबूस,
मागच्या डाव्या पायात जुनी सूज
आणि नजर अशी, की शाळा तिनंच सोडली असावी.
कागदावर लांबलचक इंग्रजी नाव होतं.
मी आक्का म्हणते.

बारामतीकडचा घोडा. त्याच्या एका भेटीला
माझी तीन महिन्यांची पेन्शन.
मग मोजत बसले.
तीनशे तिसाव्या दिवसापासून खाट पत्र्याच्या शेडमध्ये,
थर्मास, बॅटरी, कडब्याचा वास.
गाय रात्रभर रवंथ करते, सोबत वाटते.
घोडी करत नाही.
तिच्याजवळची रात्र फार मोठी असते.
सडांवर मेणाचे थेंब आले, तरी नाही.
माणूस हलायची वाट बघते ती, ऐकून होते.
तीनशे एक्केचाळिसाव्या रात्री चहा करायला घरात गेले,
दूध नासलं, दुसरं काढलं, तापवलं.
पंचवीस मिनिटं.
परत आले तर कडब्यात ओलं, काळं, पायच पाय असलेलं काहीतरी
स्वतःच्या गुडघ्यांशी भांडत होतं.
चार हजार वेळा हात घातला मी.
हवं होतं ते एक
माझ्यावाचून झालं.

दस्तगीर नालबंद मिरजेहून आला.
पुढचा उजवा खूर मांडीवर घेऊन बराच वेळ गप्प.
"बाहेर वळलाय, मालनताई.
कानशीनं येईल थोडा आत. पण बक्षिसाची उडी..."
बिडी काढली, पेटवली नाही, नुसती धरून बसला.
पैसे घ्यायलाही विसरला,
दुसऱ्या दिवशी फोन करून मागितले.

हिशेब मी आधीच केलेला.
चौथ्या वर्षी पाठीवर माणूस, सातव्या वर्षी मैदान.
म्हणजे मी सदुसष्ट.
गुडघ्यांचं दोघींच्याही सांगता येत नाही.

काल संध्याकाळी माळावर
ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं पडलं होतं.
वळसा घालायला जागा होती, ढीगभर.
शिंगरानं वळसा घातला नाही.

घरात जाऊन सातवीची वही काढली.
कोपरे झुरळांनी खाल्लेले, चौकट शाबूत.
आत लिहिलं:
उंची अंदाजे दोन फूट.
उजवा पाय जरा बाहेर.
वारा पश्चिमेचा.
साक्षीदार, आक्का
आणि बाभळीखालच्या अकरा शेळ्या,
त्यातल्या दोघी बघत नव्हत्या.