दोन चटण्या, एक मंगळवार

सोहारच्या कॅम्पात, खोली नंबर चौदा,
शुक्रवारी दुपारी आम्ही पेपर वाचतो
तेव्हा तो दीड महिना शिळा असतो
आणि त्याला जवसाचा वास येतो.

माझी चटणी वणीहून आली, नागपूरच्या पेपरात बांधून:
‘विदर्भ कडकडीत बंद’.
आठ कॉलम. ओस रस्ता. रस्त्यात एक कुत्रं.
हणमंत शिरतोडेची कराडहून, पुण्याच्या पेपरात:
पान सात, टायरच्या जाहिरातीवर चार ओळी,
‘बंदला तुरळक प्रतिसाद’.
मंगळवार तोच.

मग काय, जुंपली.
‘कोळसा आमचा, उजेड तुमचा,’ मी म्हणालो.
हे वाक्य माझं नव्हतं,
अग्रलेखाच्या तिसऱ्या परिच्छेदातलं होतं.
घरी मी असं बोलत नाही.
तो म्हणाला, ‘आन् राज्याचा खर्च कोण भागवणार रं?’
तेही त्याचं नव्हतं, चौकटीतलं होतं,
खाली कुणा तज्ज्ञाचं नाव,
नावावर तेलाचा डाग.

वरच्या बंकवर मल्लय्या, करीमनगरचा.
त्याचं राज्य होऊन गेलं.
तेव्हा तो इथंच होता, नाइट शिफ्टला.
पासपोर्टवर बरीच वर्षं जुनंच नाव होतं.
‘सांग ना,’ मी म्हणालो, ‘झाल्यावर काय झालं?’
त्यानं पाय खाली सोडले.
‘आधी पेपरात पहिल्या पानावर आम्ही असायचो.
आता मंत्री असतात. आमचेच.’
मग बराच वेळ एसीचाच आवाज.
‘भाऊ सगळ्या मोर्चांना जायचा. आता दुबईत आहे.’
आणि पाय वर घेता घेता,
‘तरी पुन्हा विचारलं, तर हो म्हणेन.’

रात्री घरी फोन लावला.
‘त्या मंगळवारी बंद होता का गं खरंच?’
‘मले का मालूम. मी त जवस भाजत होती.
मीठ सरलं म्हनून गेली दुकानात,
शटर अर्धं होतं.
वाकून गेली अंदर. काहून?’

काही नाही, म्हणालो.

दोन्ही कागद पुन्हा पसरले, उलटसुलट पाहिले.
कुत्रं होतं, तज्ज्ञ होता.
वाकून मीठ आणणारी बाई
ना आठ कॉलमांत, ना चार ओळींत.

डब्याच्या तोंडाशी, चटणीवर
शाई थोडी उतरली होती,
‘बंद’मधला द, उलटा.
हणमंतनं भाकरीचा तुकडा पुढं केला.
खाल्ली तशीच.