दुसरा हात

मेबलथॉर्पला समुद्र बांधामागे असतो, दिसत नाही.
खारा वारा मात्र बांध चढून येतो
आणि ओळीत उभ्या घरांच्या पोटाखाली शिरतो.

मोबाईल होम म्हणतात यांना.
मिसेस थर्केटलचं शहाण्णव सालापासून
वीतभरही हललेलं नाही.
चाकं आहेत, हवा नाही,
एका टायरात कोळ्याचा संसार.
सगळा भार सिमेंटच्या ठोकळ्यांवर.

मी कडेची फळी काढतो,
पुठ्ठा अंथरून उताणा आत सरकतो.
नाकापासून लोखंड दीड फूट.
वर तिची किटली खदखदते,
ती सिंककडे जाते, कपाटाकडे, पुन्हा सिंककडे.
तिच्या सपाता माझ्या छातीवरून चालतात.

तारेच्या ब्रशाने घासलं की
गंजाचे पापुद्रे सुटतात.
डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडकं,
तरी जिभेवर तीच चव,
लहानपणी ओठ फुटल्यावर लागायची ती.
मग हातोडीने ठोकून बघायचं.
खणखणलं तर जीव आहे.
भद्द वाजलं तिथे खडूची फुली.
दोन फुल्या निघाल्या, मागच्या आडव्या पट्टीवर,
जिथे न्हाणीचा पाइप
कोणाला न सांगता ठिबकत होता.

गंजावरचं औषध दुधासारखं असतं,
वाळता वाळता जांभळं, मग काळंभोर.
रात्रभर थांबावं लागतं.
ओल्या लोखंडाला रंग देणं म्हणजे
अंगात ताप असताना पावडर लावणं.

मिरजेला आमच्या बोळात दादू कल्हईवाला यायचा.
भाता, नवसागर, कापसाचा बोळा.
म्हणायचा, पातेलं बाहेरून काळं का असेना,
आपण जेवतो आतून.
इथे उलटं आहे, दादू.
वर पिस्ता रंग, लेसचे पडदे, चिनी मातीची कुत्री,
आणि जेवण चाललंय खालून.

डाव्या तुळईवर, मेणाच्या जुन्या थराखाली,
पांढऱ्या रंगाने लिहिलेलं सापडलं.
*सी. टी. एप्रिल ९७. दोन कोट.*
*मे २००१. दोन कोट.*
*२००५. एकच. पाठ धरली.*
*२००९*
पुढे काही नाही. नुसतं साल.
ते कोट म्हणतात, आपण हात म्हणतो.
माझा ब्रश थांबला.

चहाच्या वेळी सांगितलं तिला.
ती म्हणाली, क्लिफर्ड रेडिओ घेऊन जायचा खाली.
मला वाटायचं, माझ्यापासून लपायला जातो.
एक्याऐंशीची, खुबा बदललेला, खाली वाकता येईना.
फोनवरचा फोटो तिने चष्मा लावून,
चष्मा काढून, दूर धरून वाचला.
'एकच', तिने मोठ्याने म्हटलं.
पाठबीठ काही नाही. त्या वर्षी आमचं भांडण झालं होतं.
बिस्किटाचा तुकडा कपात पडला,
तो चमच्याने शोधत बसली.

दुसऱ्या दिवशी जस्ताचा करडा थर दिला.
अक्षरांभोवती कागदी पट्टी चिकटवून ठेवली होती मी.
चार ओळींची चौकट, रंगावाचून.
मला ठाऊक होतं:
गंज पहिल्यांदा तिथेच धरणार.
दारातून ती म्हणाली, पट्टी लावलीस ना तू?
काढ. रंगव सगळं.
त्याला अर्धवट काम आवडायचं नाही,
तो करायचा, तरी.

रंगवलं.
जस्तावर काळा, काळ्यावर मेण.
अक्षरं जाड होती; रंग वाळल्यावर बोट फिरवलं तर
अजून लागतात.

फळी बसवताना सांगितलं,
या जाळ्यांत पिशव्या कोंबू नका,
थंडीतसुद्धा नाही. खाली हवा खेळती हवी.
तिने मान हलवली.
म्हणजे कोंबणार.

पैसे मोजून दिले, नोटा दोनदा मोजल्या.
मी व्हॅनपाशी पोचलो तेव्हा
खिडकी उघडून ओरडली,
दोन कोट ना?

दोन.